ग्रोथ हार्मोनमागून येणारं कॉर्टिसोल

जिममध्ये पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, कुप्या खपवणारे लोक ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या इपामोरेलिनबद्दल हमखास सांगतात, ‘याने कॉर्टिसोल वाढत नाही.’ ग्रोथ हार्मोनच्या औषधात तणावाच्या संप्रेरकाचा विषय मुळात आला कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामागे वीस वर्षांचं संशोधन आहे, आणि ते जाणून घेतल्याशिवाय त्या दाव्याचं वजन करता येत नाही.

तणावाची साखळी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून सुरू होते. तिथून सीआरएच आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकं निघतात, त्यांच्या सांगण्यावरून जवळची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते, आणि एसीटीएचमुळे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. कॉर्टिसोल पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं. सीआरएचची रचना १९८१ साली अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली वेल यांच्या गटाने उलगडली. ग्रोथ हार्मोनला बाहेर काढणारं जीएचआरएच १९८२ साली सापडलं, तेही मेंदूत नव्हे तर ॲक्रोमेगालीच्या (ग्रोथ हार्मोन अति झाल्याने होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या गाठींत. दोन्ही साखळ्या शेजारी नांदतात, पण जीएचआरएच टोचलं म्हणून कॉर्टिसोल फारसं हलत नाही. म्हणूनच पुढे जे दिसलं ते कोड्यात टाकणारं होतं.

त्या कोड्याची सुरुवात न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात, सिरिल बाउअर्स यांच्या प्रयोगशाळेत झाली. मेंदूत अफूसारखं काम करणारं एन्केफॅलिन १९७५ साली उजेडात आलं होतं. बाउअर्स यांनी त्याच्या साखळीतली अमिनो आम्लं बदलून पाहिली, तेव्हा अफूचा गुण गेला आणि पिट्युटरीतून ग्रोथ हार्मोन बाहेर काढण्याचा गुण आला. १९८४ साली त्यांच्या गटाने जीएचआरपी-६ जाहीर केलं, अवघ्या सहा अमिनो आम्लांचं. ते शरीरातल्या कोणत्या कुलपाला, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला, लागतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. किल्ली आधी हाती आली होती.

माणसांवरचं बारकाईचं काम इटलीत तुरीनमध्ये झालं. एझिओ गिगो आणि एमान्युएला अर्वात यांच्या गटाने हेक्सारेलिन आणि जीएचआरपी-२ ही त्याच कुळातली पेप्टाइडं टोचून रक्त तपासलं. ग्रोथ हार्मोन भरपूर वाढलं, दूध आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन थोडं, आणि एसीटीएच व कॉर्टिसोलही वाढले. ही वाढ साधारण सीआरएच टोचल्यावर दिसते तेवढी होती. मला या सगळ्या इतिहासात ही नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच कामासाठी घडवलेलं औषध तणावाच्या अधिकृत संप्रेरकाच्या तोडीचं काम करत होतं.

पण कुठून? निरोगी पिट्युटरीच्या पेशी वेगळ्या काढून त्यांवर ही पेप्टाइडं टाकली तर एसीटीएच जवळपास सुटत नाही. म्हणजे धक्का वरून, हायपोथॅलॅमसमधून बसत असणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांत व्हॅसोप्रेसिन आणि सीआरएच या दोघांचाही हात दिसला. कुशिंग आजारात, जिथे पिट्युटरीतली गाठ स्वतःच एसीटीएच ओतत असते, तिथे हेक्सारेलिनला मिळणारा प्रतिसाद अवाजवी मोठा निघाला. तिथे गाठीच्या पेशींवरच थेट परिणाम होत असावा.

औषध कंपन्यांच्या दृष्टीने कॉर्टिसोलची वाढ हा खोट काढून टाकण्याचा विषय होता. १९९८ साली नोव्हो नॉर्डिस्कच्या संशोधकांनी इपामोरेलिन पुढे आणलं. डुकरांना ग्रोथ हार्मोनसाठी लागणाऱ्या मात्रेच्या दोनशेपटीहून जास्त दिलं तरी एसीटीएच आणि कॉर्टिसोल जीएचआरएचच्या परिणामापलीकडे गेले नाहीत. जिममधलं ते वाक्य इथून आलं आहे. प्रयोग डुकरांवरचा होता, एवढं तरी ऐकणाऱ्याला कळायला हवं.

कुलूप १९९६ साली मर्क या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्या कुलपाची शरीरातली स्वतःची किल्ली १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी शोधली. ती मिळाली जठरात. घ्रेलिन, २८ अमिनो आम्लांचं, पोट रिकामं असताना वाढणारं संप्रेरक. माणसाला घ्रेलिन टोचलं तर ग्रोथ हार्मोनबरोबर एसीटीएच आणि कॉर्टिसोलही वाढतात. इतकी वर्षं जो दुष्परिणाम म्हणून नोंदवला जात होता, तो भुकेच्या निरोपाचाच भाग निघाला. अन्न नाही, तेव्हा रक्तातली साखर टिकवून धरा, हे कॉर्टिसोलचं कामच आहे.

मर्कचं तोंडाने घ्यायचं औषध एमके-६७७ याच कुलपाला लागतं. सुरुवातीला कॉर्टिसोल चढतं आणि रोज घेत राहिलं की तो चढ बराच ओसरतो, असं आधीच्या चाचण्यांत दिसलं होतं. पण पूर्ण ओसरत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २००८ सालच्या अभ्यासात ६५ निरोगी ज्येष्ठांना दोन वर्षं पाहिलं गेलं. वर्षभर औषध घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे एक किलोने वाढलं, ताकद मात्र वाढली नाही. उपाशीपोटीची साखर सरासरी ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वर गेली, आणि कॉर्टिसोल १.७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरने.