लवकर उठणे

लवकर उठणे : नोकरी, शिक्षण किंवा घरकामाचा रोजचा रेटा सुरू होण्याआधी स्वतःच्या कामाला वेळ मिळावा म्हणून जाग येण्याची वेळ जाणीवपूर्वक अलीकडे ओढण्याची सवय. किती वाजता उठले म्हणजे लवकर, याचे एकच उत्तर नाही. रोज नऊला उठणाऱ्यासाठी साडेसात ही लवकरची वेळ असते, तर सहाला उठणाऱ्यासाठी पाच. या सवयीची चर्चा होते तेव्हा एक साधी गोष्ट सर्रास निसटते : दिवसाचे तास चोवीसच राहतात. लवकर उठून वेळ वाढत नाही, तो जागा बदलतो. रात्री साडेअकराला डोके दमलेले असते, हातात मोबाइल असतो आणि तास कुठे गेला हे कळतही नाही. सकाळी सहाला ना कोणाचा फोन येतो, ना कोणी हाक मारते. रात्रीचा असा तास सोडून सकाळचा घेतला, तर हा व्यवहार फायद्याचा आहे. रात्रीचा तास न सोडताच सकाळचा घ्यायला गेले, तर तो झोपेतून कापला जातो आणि दिवसभर त्याची वसुली चालते.

शरीराचे घड्याळ : माणूस केव्हा पेंगतो आणि केव्हा ताजातवाना असतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. निद्रासंशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्यांची नीट मांडणी केली. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची ओढ. जितका वेळ जागे राहावे तितका मेंदूत पेंग आणणारा रासायनिक पदार्थ अ‍ॅडेनोसिन साचत जातो आणि डोळे जड होतात; झोपेत तो उतरतो. दुसरी म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातले सुमारे २०,००० पेशींचे घड्याळ. आपण किती वेळ जागे आहोत याची पर्वा न करता ते आपल्या गतीने चालते. उजेड-अंधाराची खूण मिळाली नाही, तर प्रौढ माणसात त्याचा एक फेरा सरासरी चोवीस तास आणि दहा-अकरा मिनिटांचा होतो. म्हणजे हे घड्याळ मुळातच थोडे मागे पडणारे आहे. जागरण सहज जमते आणि लवकर उठणे जड जाते, त्याचे एक कारण इथे आहे. त्यासाठी स्वतःला आळशी म्हणवून घेण्याची गरज नाही.

हे घड्याळ रोज जुळवून घेण्याचे काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. निळसर उजेडाला त्या विशेष प्रतिसाद देतात आणि बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूतील घड्याळाला कळवतात. रात्रीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप-जाग उशिरा होते; सकाळचा उजेड पुढे ओढतो, म्हणजे ती लवकर होते. या दोन परिणामांमधला सांधा कुठे आहे, हे लवकर उठू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. शरीराचे तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेच्या साधारण दोन ते तीन तास आधी सर्वांत खाली जाते. त्या क्षणापूर्वीचा उजेड शरीराला संध्याकाळचा वाटतो, त्यानंतरचा सकाळचा.

समजा, एखादा माणूस रोज रात्री एकला झोपतो आणि आठला उठतो. त्याचे तापमान साडेपाचच्या आसपास तळाला जाते. त्याने एका रात्रीत निश्चय करून साडेचारचा गजर लावला आणि उठल्याबरोबर खोलीतले सगळे दिवे लावले, तर त्याच्या घड्याळाला तो उजेड रात्रीचाच वाटण्याचा संभव आहे. घड्याळ पुढे येण्याऐवजी आणखी मागे सरकते, दुसऱ्या रात्री झोप आणखी उशिरा येते. चार दिवसांत निश्चय मोडतो आणि दोष मनाच्या कमकुवतपणाला दिला जातो. हाच माणूस पहिल्या आठवड्यात साडेसातला उठून सरळ बाहेर उजेडात गेला असता, तर घड्याळ त्याच्या बाजूने वळले असते.

उजेडाचा हा प्रभाव किती मोठा आहे, याचे सुंदर उदाहरण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनेथ राइट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसते. आठ माणसे उन्हाळ्यात आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहिली. विजेचा दिवा नाही, मोबाइल नाही; दिवसा सूर्य आणि रात्री शेकोटी, एवढाच उजेड. परतल्यावर त्यांचे शरीरघड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले होते, आणि एरवी उशिरापर्यंत जागणाऱ्यांमध्ये हा बदल अधिक होता.

साखरझोपेची किंमत : पहाटेची झोप ही उरलीसुरली झोप नव्हे. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात गाढ झोप एकवटलेली असते, तर स्वप्ने पडणारी झोप पहाटेच्या बाजूला वाढत जाते. सात-साडेसात तासांच्या झोपेतून शेवटचा दीड तास कापला, तर एकूण झोपेचा पाचवा हिस्साच जातो; मात्र स्वप्ननिद्रेचा त्याहून कितीतरी मोठा वाटा जातो. भावना निवळणे आणि शिकलेले मनात मुरणे यांच्याशी या झोपेचा संबंध आढळला आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे प्रौढांसाठी रोज किमान ७ तास झोपेची शिफारस केली.

कमी झोपेची खरी गोम अशी की ती झोपणाऱ्याला कळत नाही. हान्स व्हान डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रात्री सहा किंवा त्याहून कमी तासच झोपू दिले. अखेरीस त्यांच्या कामातील चुका आणि मंदपणा एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोचला होता. त्यांना विचारले असता मात्र थोडीशी पेंग येते, एवढेच ते सांगत. ‘मला पाच तास पुरतात’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांची गत हीच असते.

इतिहास : गजराची घड्याळे स्वस्त होण्यापूर्वी ब्रिटनच्या कारखानदारी शहरांत लोकांना उठवणे हा पोटापाण्याचा धंदा होता. लांब काठी घेऊन माणसे पहाटे गल्लीतून फिरत आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर टकटक करत. गिऱ्हाईक उठेल पण शेजारी फुकटात जागा होणार नाही, इतपतच आवाज करण्याचे हे कसब होते. मनाजोगती वेळ लावता येणाऱ्या यांत्रिक गजराचे पेटंट फ्रान्सच्या आंत्वान रेदिए यांनी १८४७ मध्ये घेतले.

सगळ्या देशालाच लवकर उठवण्याची कल्पना विल्यम विलेट या इंग्लिश बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये मांडली. उन्हाळ्यात सकाळी घोड्यावरून रपेट मारताना सूर्य वर आलेला असूनही घराघरांचे पडदे ओढलेले पाहून तो अस्वस्थ होई. त्याने सुचवले की एप्रिलमधल्या चार रविवारी घड्याळे वीस-वीस मिनिटांनी पुढे करावीत. तो १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात इंधन वाचावे म्हणून, आधी जर्मनीने आणि पाठोपाठ ब्रिटनने घड्याळे पुढे केली, पण एका झटक्यात तासाभराने. शरीराच्या दृष्टीने पाहता विलेटची वीस मिनिटांची पायरी जास्त शहाणपणाची होती.

सवय लावताना : लवकर उठण्याची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. झोप येण्याच्या सुमारे दोन तास आधी रक्तात मेलाटोनिन हे रात्रीची खूण देणारे संप्रेरक वाढू लागते. प्रखर दिवे आणि डोळ्यांजवळचा मोबाइलचा पडदा ही वाढ लांबवतात. म्हणून घरातले दिवे मंद करणे हे गजर लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही रात्रीची झोप तासाहून अधिक घटल्याचे २०१३ मधील एका अभ्यासात दिसले होते. त्यामुळे दुपार टळल्यावर कॅफिन नको.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी आणि उठल्यावर लगेच बाहेरचा उजेड डोळ्यांवर घ्यावा. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या अनेक पट असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात रात्री फार उशिरापर्यंत जागणाऱ्या २२ जणांना तीन आठवडे असेच काही नियम पाळायला लावले : नेहमीपेक्षा दोन-तीन तास लवकर उठायचे आणि तितकेच लवकर झोपायचे, सकाळी उजेड भरपूर, संध्याकाळी कमी, न्याहारी लवकर, व्यायाम सकाळीच, दुपारी तीननंतर कॅफिन नाही, चारनंतर डुलकी नाही. त्यांचे शरीरघड्याळ सरासरी दोन तास पुढे आले आणि झोपेचे तास कमी झाले नाहीत.

उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोक्यावर झापड असते. गाढ झोपेतून अचानक उठवले, तर ती अधिक टिकते. त्या अवस्थेत आपण जो निर्णय घेतो, तो जवळजवळ नेहमी कूस बदलून पुन्हा झोपण्याचा असतो. त्यामुळे गजर हाताच्या अंतरावर ठेवू नये आणि सकाळी काय करायचे, हे रात्रीच ठरवून ठेवावे.

सुट्टीचा दिवस ही या सवयीची खरी कसोटी. आठवडाभर सहाला आणि सुट्टीला दहाला उठणाऱ्याचे शरीर दर आठवड्याला घड्याळात चार तासांचा फरक असलेल्या देशाला जाऊन परतण्याइतकी उलटसुलट करते. टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ हे नाव दिले. झोप खरेच राहिली असेल, तर सकाळी अंथरुणात लोळण्यापेक्षा रात्री लवकर पडणे बरे.

मिळालेला तास : सकाळचा तास एकाच कामाला द्यावा, हे आग्रहाने सांगण्यासारखे आहे. त्या तासाचा मोठा गुण म्हणजे तो अखंड असतो. त्यात चार बारीकसारीक कामे कोंबली किंवा आलेले संदेश बघत बसले, तर तो गुणच संपतो. लेखन, अभ्यास, रियाज, व्यायाम यांसारख्या, दिवसभरात ‘नंतर बघू’ म्हणून हमखास मागे पडणाऱ्या कामांचा इथे पहिला हक्क आहे.

लवकर उठणारे अधिक यशस्वी होतात, या समजुतीला थोडा आधार आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ रँडलर यांना २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या पाहणीत सकाळच्या प्रकृतीची मुले स्वतःहून पुढाकार घेण्यात सरस आढळली. त्याच पाहणीत असेही दिसले, की ज्यांच्या कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतील उठण्याच्या वेळेत फरक कमी होता, तीही सरस होती. शाळा, कार्यालये, परीक्षा सगळे सकाळच्या माणसांच्या सोयीने चालते, हेही विसरता येत नाही.

सर्वांना सारखे नाही : कोणाचे घड्याळ अलीकडचे आणि कोणाचे पलीकडचे, यात जनुकांचा वाटा आहे. सुमारे ७ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ मधील अभ्यासात सकाळच्या प्रकृतीशी निगडित ३५१ जनुकीय ठिकाणे सापडली. रात्री उशिरा खुलणाऱ्या माणसाने सकाळी सहाला अवघड गणिते सोडवायला बसण्यापेक्षा त्या वेळी व्यायाम किंवा हातचे सवयीचे काम करावे आणि बुद्धीचे काम आपल्या तल्लख वेळेसाठी राखावे. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि तान्हे मूल सांभाळणाऱ्यांना या सवयीचा आग्रह धरणे तर सरळ अन्यायाचे आहे.

वयाचाही भाग मोठा आहे. घड्याळ किशोरवयात मागे सरकू लागते, विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मागे असते आणि मग हळूहळू पुढे येते. पहाटे आपसूक जागे होणारे आजोबा आणि हाका मारूनही न हलणारा नातू, दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणेच वागत असतात. किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सुचवले. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुले त्यामुळे रात्री आणखी उशिरापर्यंत जागतील अशी भीती होती. मोजणी केली तेव्हा त्यांची रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली.