ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च इ.स. ८४५ चं आहे का?

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या शेतशिवारातलं ग्रीनस्टेडचं चर्च इ.स. ८४५ चं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे हवेतून आलेलं नाही. १९६० च्या सुमारास तसा अंदाज निघालाच होता. पण १९९५ मध्ये चर्चच्या भिंतींतल्या ओकच्या खोडांची वर्तुळं पुन्हा तपासली गेली. झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढवतं, चांगल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. हा क्रम काळ ठाऊक असलेल्या लाकडांशी जुळवला, की साल कळतं. शेवटचं वर्तुळ निघालं १०५३ चं. सालीलगतचं लाकूड उरलेलं नसल्यामुळे त्यात १० ते ५५ वर्षं मिळवायची, म्हणजे १०६३ ते ११०८. खोडांखालचा विटांचा थर मात्र एकोणिसाव्या शतकातला, कुजलेले बुंधे कापून घातलेला. तिथे गेलात तर तो जरूर बघा.