जहाज कधी पोचणार? कल्पित जगातल्या सागरी प्रवासाचा हिशेब

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपुरात बसून समुद्राचे हिशेब कोण करतं, असं आमची पाटी वाचून पुष्कळ जण विचारतात. प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी. तिथं भरती येत नाही, आलाच तर पूर येतो. पण आमचं काम नकाशांचं. कादंबरी, दिवाळी अंकातली दीर्घकथा, मोबाइलवर ऐकायची मालिका, पटावरचा खेळ, जे असेल त्यासाठी आम्ही कल्पित देशांचे नकाशे काढून देतो. नकाशा हातात पडला की लेखकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "या बंदरातून त्या बंदरात जायला किती दिवस लिहू?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे. वाचून आलात तर तुमचाही तास वाचेल आणि आमचाही.

पहिली चूक आमचीच

सुरुवातीला आम्हीही नकाशावर पट्टी ठेवायचो, अंतराला वेगानं भागायचो आणि आकडा लिहून द्यायचो. एका कादंबरीसाठी असंच "नऊ दिवस" लिहून दिलं. पुस्तक छापून आलं. महिनाभरानं लेखकाला मालवणकडच्या एका वाचकाचा फोन आला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होडी. ते म्हणाले, "नऊ दिवसांचं राहू द्या हो. भर आषाढात तुमच्या तांडेलानं तारू पाण्यात लोटलंच कसं?" (तांडेल म्हणजे जहाजावरचा प्रमुख.) लेखकानं ते पुस्तक आमच्या टेबलावर आणून ठेवलं, पान दुमडून. बोलले काहीच नाहीत. चहा मात्र घेतला नाही.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न "किती मैल?" हा नसतो. "कोणत्या महिन्यात निघाले?" हा असतो.

तोच समुद्र, तीच जहाजं

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलं आहे. वास्को द गामा 24 एप्रिल 1498 रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला. सोबत या पाण्याची माहिती असलेला वाटाड्या होता आणि नैर्ऋत्येचे वारे नुकते सुरू होत होते. 18 मे रोजी मलबारचे डोंगर दिसले आणि 20 मे रोजी कालिकतजवळ नांगर पडला. चार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर साडेतीन-चार आठवड्यांत.

परतीला त्यानं वाऱ्याचं ऐकलं नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून 5 ऑक्टोबरला निघाला, म्हणजे ईशान्येचे वारे नीट धरायच्या आधीच. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. आफ्रिकेचा किनारा दिसला तो 2 जानेवारी 1499 रोजी, मोगादिशूजवळ. तीन महिन्यांना तीन दिवस कमी. या टप्प्यात स्कर्व्हीनं, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, सुमारे 30 माणसं गेली आणि जहाजं हाकायला धड हात उरले नाहीत. अंतर उलट थोडं कमीच, जहाजं तीच, खलाशीही बव्हंशी तेच; दिवस मात्र तिपटीहून जास्त.

म्हणून तुमच्या कथेत "जायला वीस दिवस, यायला वीस दिवस" असं असेल, तर आम्ही तिथं लाल पेन्सिल लावतो. रोमन काळातही रोमहून अलेक्झांड्रियाला वाऱ्यासोबत जायला दोन-तीन आठवडे पुरत. तेच जहाज धान्य भरून परत यायचं तेव्हा महिना-दोन महिने सहज जात, कधी त्याहून जास्त.

समृद्धी महामार्गावर पाणी भरलं तर

कोष्टक देण्यापेक्षा एक हिशेब उलगडून दाखवतो. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर. गाडीनं आठ तास. त्या जागी समुद्र आहे असं धरा.

जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच 1.852 किलोमीटर. (नॉट म्हणजे गाठ. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती जहाजामागे सोडायची आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. तुमच्या कथेतल्या पोऱ्याला हे काम द्या. प्रसंग छान होतो आणि वाचकाला वेगही कळतो.) जुन्या काळचं मालवाहू जहाज चांगल्या वाऱ्यात साधारण 4 ते 6 नॉट चाले. लांबच्या प्रवासाची सरासरी 4 धरा. वास्कोच्या जातानाच्या प्रवासाची सरासरीही तेवढीच भरते. 4 नॉट म्हणजे ताशी 7.4 किलोमीटर, म्हणजे आपल्या बर्डीतल्या गर्दीत सायकल चालते त्याच्या आसपास. दिवसरात्र न थांबता गेलं तर 701 किलोमीटरांना सुमारे 95 तास. चार दिवस.

आता वारा समोरून. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ते नागमोडी जातं: आधी डावीकडे लांबलचक तिरकी धाव, मग वळून उजवीकडे. आडव्या चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजाला वाऱ्याशी फार बारीक कोन करून जाणं जमत नसे, वर पाण्यावर ते बाजूला घसरतही असे. समजा 4 नॉटनंच चाललं आहे, पण घसरण धरून वाऱ्याशी सत्तर अंशांचा कोन पडतो आहे. मग मुक्कामाच्या दिशेनं ते तासाला जेमतेम 1.4 सागरी मैल सरकतं. तेच 701 किलोमीटर, आता अकरा दिवसांच्या वर. तेही रोज वारा सारखा वाहिला तर.

आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारं छोटं तारू असेल, तर ते अंधारात खडकांच्या भीतीनं रात्री नांगर टाकतं. मग चांगल्या वाऱ्यातले चार दिवसही आठ होतात. पण मोकळ्या समुद्रात जहाज रात्रभर चालतं. तिथं "रात्री जहाज थांबलं" असं लिहू नका. खोल पाण्यात नांगर कशात रुतवणार? भाऊ, जहाज आहे ते, ट्रॅव्हल्सची बस नाही, जेवणाला ढाब्यावर उभी राहायला.

पावसाळा, आणि थांबण्यातली गोष्ट

कोकणात पावसाळ्यात तारवं किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा समुद्रात लोटत. इतकी साधी गोष्ट आम्ही नकाशा काढताना विसरलो, ती वर सांगितलेलीच आहे. पश्चिम हिंदी महासागराचा सगळा जुना व्यापार या घड्याळावर चालला: जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे, हिवाळ्यात ईशान्येचे. भारताकडे यायचं तर पहिल्या वाऱ्यांच्या एखाद्या टोकाला, परत जायचं तर दुसऱ्यांवर. मधला हंगाम हुकला की व्यापारी परक्या बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडे.

आमचा आग्रह असा की ही अडचण समजू नका. लेखकाला याहून चांगली देणगी मिळायची नाही. शत्रूचा दूत आणि तुमचा नायक एकाच बंदरात चार महिने वाऱ्याची वाट बघत बसलेत, एकाच खानावळीत जेवताहेत, त्यातून काय काय होऊ शकतं! आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ हस्तलिखितांत प्रवास असतो, पण वाट बघणं कुणीच लिहीत नाही.

रोजच्या वाऱ्याचंही तसंच. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दुपारी उलट, समुद्राकडून खारे वारे येतात. म्हणून किनाऱ्यावरचा कोळी पहाटे निघतो आणि दुपारनंतर परततो. बंदर खाडीच्या आत असेल तर निघायला ओहोटी आणि आत शिरायला भरती लागते. लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तुमचा राजपुत्र ठीक मध्यरात्री गुपचूप पळणार असेल, तर त्या रात्री ओहोटी केव्हा लागते ते आधी ठरवा. जगाला दोन चंद्र असतील तर आम्हाला आधी सांगा. तो हिशेब वेगळा होतो आणि वेळही जास्त लागतो.

वल्ही

"वारा नसेल तर वल्ही मारतील" हे उत्तर आम्ही फार ऐकतो. मारतील, पण किती वेळ? आंग्र्यांच्या आरमारातली गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांची असत आणि वल्ह्यांवर तासाला चार मैलांच्या आसपास जात. वारा पडला की तीच मोठ्या गुराबांना, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांना, ओढून नेत. हे किनाऱ्याजवळच्या लढाईचं साधन होतं, महासागर ओलांडण्याचं नव्हे. प्राचीन ग्रीकांच्या तीन ओळींच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी आणि इतर मिळून दोनशे माणसं. माणशी चार लिटर धरलं तरी रोजचं पाणी 800 लिटर, आणि ते ठेवायला जहाजात जागाच नाही. म्हणून त्या नौका शक्यतो रोज किनाऱ्याला लागत.

पाणी

याच कारणानं आम्ही प्रवासाच्या दिवसांसोबत पाण्याचाही हिशेब देतो. साठ माणसं, चाळीस दिवस, माणशी रोज चार लिटर: 9,600 लिटर. म्हणजे उन्हाळ्यात वस्तीत येणारा दहा हजार लिटरचा एक टँकर, पिपांत भरून जहाजाच्या पोटात ठेवायचा. हे जमतं. पण एका हस्तलिखितात पाचशे घोडेस्वार वीस दिवसांच्या सफरीवर निघाले होते. घोड्याला रोज तीस लिटर धरलं तर पाचशे घोड्यांना वीस दिवसांत तीन लाख लिटर. तीस टँकर. शिवाय चारा, शिवाय माणसं. लेखकानं हिशेब बघितला, थोडा वेळ विचार केला आणि घोडे पलीकडच्या बंदरात विकत घेतले. त्यातून घोड्यांच्या बाजाराचं एक प्रकरण निघालं. पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण आहे, असं आमचं मत आहे.

ताजं अन्न न मिळता दोन-तीन महिने गेले की स्कर्व्ही दिसू लागतो: हिरड्या सुजतात, जुने व्रण पुन्हा उघडतात. मॅगेलनच्या जहाजांना पॅसिफिक ओलांडून गुआमला पोचायला नोव्हेंबर 1520 ते मार्च 1521, तीन महिन्यांच्या वर लागले आणि त्यांची दशा अशीच झाली. तुमची सफर नव्वद दिवसांची असेल आणि शेवटी सगळे टुणटुणीत उतरत असतील, तर संत्र्यांचं निदान एक पोतं तरी चढवा. नागपूरकरांनी हा सल्ला फुकट द्यायचा नाही तर कुणी द्यायचा!

जादूचा वारा

मांत्रिक वारा बोलावतो, हे चालेल. फक्त दोन गोष्टी सांगा: तो झोपतो कधी, आणि जहाज केवढं आहे? पाणी कापत जाणाऱ्या जहाजाला स्वतःच उठवलेल्या लाटेची मर्यादा पडते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून 1.34 नं गुणलं की साधारण वरचा वेग नॉटमध्ये मिळतो. 64 फुटांच्या जहाजाला 10.7. मांत्रिकानं याहून जोर लावला तर वेग फारसा वाढत नाही, डोलकाठी मोडते. वेग हवाच असेल तर जहाज लांब करा.

जमीन दिसली!

नकाशात हे येत नाही, पण कथेत नेहमी येतं. 25 मीटर उंच डोलकाठीवरच्या माणसाला क्षितिज सुमारे 18 किलोमीटरवर असतं. बेटावर 400 मीटरचा डोंगर असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर त्याचं टोक त्याला जवळपास 89 किलोमीटरवरून दिसू शकतं. 4 नॉटनं तिथवर जायला बारा तास. म्हणजे सकाळी "जमीन!" अशी आरोळी आली तर संध्याकाळी बंदर, दुसऱ्या परिच्छेदात नव्हे. अंधार पडायच्या आत पोचत नसतील तर शहाणा तांडेल रात्रभर बाहेरच थांबेल.

येताना काय आणाल

नकाशा कच्चा असला तरी चालेल, वहीच्या पानावरचा असला तरी. त्यावर उत्तर दिशा आणि एक तरी अंतर लिहिलेलं हवं. पृथ्वीएवढंच जग असेल तर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, त्यावरून बाकीचं आम्ही काढू. जहाजाची लांबी, शिडं चौकोनी की तिकोनी, माणसं किती, जनावरं किती, हे एका चिठ्ठीवर लिहा. शिडांचं ठरत नसेल तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं जहाज बघून ठरवा. भारतीय नौदलाचं शिवलेलं जहाज कौंडिण्य त्याच चित्रावरून बांधलं आहे.

आम्ही एक प्रवास-तक्ता देतो. त्यात प्रत्येक बंदराच्या जोडीला एकच आकडा नसतो, तीन असतात: वारा सोबत असताना, वारा विरुद्ध असताना, आणि हंगाम चुकला तर. कथेत कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. तक्ता दिल्यावर कथेतला महिना बदललात तर एक फोन करा, दुरुस्त करून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुस्तक छापायला गेल्यावर महिना बदललात तर मात्र मालवणचा फोन तुम्हीच घ्यायचा.