ओतलेला आकडा आणि ठोकलेला आकडा

जुन्या इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य सांगाड्यावर, दोन जातींचे आकडे असतात. इंजिन कुठले हे ओळखायचे ते त्यांवरूनच. काही उठावाचे, बोट फिरवले की हाताला लागणारे, तर काही धातूत रुतलेले. उठावाचे आकडे साच्यातच असतात. वितळलेले बीड ओतले तेव्हाच ते ब्लॉकचा भाग झाले. रुतलेले आकडे नंतर, यंत्रावर सपाट केलेल्या जागेवर, पोलादी ठशावर घाव घालून उमटवलेले असतात. पहिली चूक इथेच होते. उठावाचा मोठा आकडा दिसला की तोच इंजिन नंबर समजला जातो. खरे तर तो त्या नमुन्याच्या भागाचा नंबर असतो आणि त्याच नमुन्याच्या हजारो ब्लॉकवर तोच सापडतो.

आकडे वाचण्याआधी ब्लॉक धुवावा लागतो, आणि घाई इथेच महागात पडते. तेलकट थर रॉकेलने भिजवून नायलॉनच्या ब्रशने काढा, रंग रिमूव्हरने उतरवा. ग्राइंडर, कानस किंवा वाळूचा मारा ठोकलेल्या आकड्यांच्या जवळपासही नको. काही ठसे इतके उथळ असतात की पॉलिश पेपरचे चार हातही त्यांना पुरतात. मग अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून एकेका बाजूने फोटो घ्या. समोरून न दिसणारा आकडा आडव्या उजेडात सावलीमुळे उठून दिसतो.

शेवरोलेच्या लहान व्ही-८ इंजिनाचे उदाहरण घेऊ. मागे गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर ३९७००१० हा उठावाचा आकडा दिसला, तर हा ब्लॉक ३०२, ३२७ किंवा ३५० घनइंचांपैकी कुठल्याही इंजिनाचा असू शकतो. त्याच कडेवर ओतकामाची तारीख असते. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च, कारण ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असा क्रम चालतो. शेवटचा ९ मात्र फसवा आहे. तो वर्षाचा फक्त शेवटचा अंक असतो आणि हा ब्लॉक १९६९ मध्येही ओतला जात होता, १९७९ मध्येही.

उजव्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या) पुढे एक लहानशी सपाट पट्टी असते. तिच्यावर ‘व्ही ०४०२’ आणि पुढे दोन-तीन अक्षरे ठोकलेली असतील, तर इंजिन अमेरिकेतल्या फ्लिंट गावच्या कारखान्यात २ एप्रिलला जोडले गेले. व्ही ऐवजी टी असेल तर टोनावांडात. शेवटची अक्षरे इंजिन कुठल्या गाडीसाठी, किती ताकदीचे, कुठल्या गिअरबॉक्ससोबतचे हे सांगतात. या ठशात वर्ष नसते, म्हणून तो ओतकामाच्या तारखेला जोडूनच वाचायचा. आधी ओतकाम, मग जोडणी, मग गाडी, हा क्रम उलटा लागला तर काहीतरी बदललेले आहे हे नक्की. १९६८ च्या मॉडेलांपासून गाडीच्या कारखान्यातल्या क्रमांकाचा (व्हीआयएनचा) काही भागही ब्लॉकवर ठोकलेला मिळतो, आणि दशकाचा घोळ बहुधा त्यानेच सुटतो.

फोर्डची भाषा वेगळी. ‘सी ५ ए ई–६०१५’ यात सी म्हणजे साठचे दशक, ५ म्हणजे १९६५ आणि ६०१५ म्हणजे इंजिन ब्लॉक. पण १९६५ हे आराखड्याचे वर्ष. ओतकामाची तारीख निराळी, वर्ष-महिना-दिवस अशी असते: ‘६ एफ १२’ म्हणजे १२ जून १९६६. फोर्ड महिन्यांसाठी आय हे अक्षर वापरत नाही, शेवरोले वापरते. त्यामुळे जे म्हणजे फोर्डकडे सप्टेंबर आणि शेवरोलेकडे ऑक्टोबर.

आकडे पुरेसे नसतील तिथे मोजमाप लागते. शेवरोलेच्या वरच्या तिन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सारखाच, ४ इंच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेचा आहे: ३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच. हेड उतरवलेले असेल तर पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना त्याची खोली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. प्लगच्या भोकातून सळई घालून मोजले तर ती तिरपी बसते आणि आकडा चुकतो. बोअर सिलिंडरच्या तळाशी, पिस्टनची रिंग पोहोचत नाही तिथे मोजावा, कारण वरच्या बाजूला झीज सर्वाधिक असते. तळाशी ४.०३० इंच मिळाले तर ब्लॉक रीबोअर झालेला, म्हणजे सिलिंडर कापून मोठे केलेले आहेत आणि ३५० चे इंजिन आता ३५५ घनइंचांचे आहे. अर्थात पिस्टनची धाव ठरवणारा क्रँकशाफ्ट बदललेला असू शकतो. स्ट्रोक आज आत काय आहे ते सांगतो, कारखान्यातून काय निघाले होते ते नाही.

बोअर आणि स्ट्रोकचे नाते देशाचाही माग देते. ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षे मोटारीवरचा कर इंजिनाच्या ‘अश्वशक्ती’वर ठरत असे आणि ती काढायचे सूत्र होते: बोअर इंचात मोजून त्याचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५. स्ट्रोक या सूत्रात नाहीच! साहजिकच तिथल्या इंजिनांचे बोअर बारीक आणि स्ट्रोक लांब झाले. ऑस्टिन सेव्हन या गाडीचा बोअर २.२ इंच, स्ट्रोक ३ इंच. सूत्रात घातले की ७.७ येतात.

नट-बोल्टही बोलतात. दातांचा कोन ५५ अंश असलेले आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, म्हणजे ब्रिटिश. इंचातले ६० अंशांचे आटे अमेरिकी, किंवा आटे एकसारखे करण्याच्या १९४८ च्या करारानंतरचे ब्रिटिशही. पण एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टी मालिकेतल्या गाड्यांच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची! हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, त्याची यंत्रे फ्रेंच मापाची होती, आणि ती सवय पुढच्या इंजिनांत उतरली. पान्यावरून देश ठरवणाऱ्याची इथे फसगत होते. आटे गेजने मोजलेच पाहिजेत.

आता खोटेपणाकडे. शेवरोलेची ती ठशाची पट्टी हेड बसते त्याच पातळीत असते. त्यामुळे इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा माथा सपाट केला की आकडेही पुसले जातात. मग कोणी ‘हवे ते’ आकडे ठोकतो. भिंगातून बघा: कारखान्यातल्या यंत्राने पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा सोडलेल्या असतात. त्याऐवजी गोल कमानी दिसल्या, किंवा कोऱ्या करकरीत सपाटीवर ठसे दिसले, तर ती पट्टी नंतर कापली गेली आहे.

पुसलेला आकडा कधीकधी परत आणता येतो. ठसा मारताना आकड्याच्या खालच्या धातूचे स्फटिक दबतात, वाकतात. वरचा थर घासून काढला तरी ही इजा खाली शिल्लक राहते, आणि कॉपर क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावले की दबलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजून आकडा दिसू लागतो. पोलादावर हे चांगले जमते. बीड ठिसूळ असल्यामुळे त्यातली इजा फार खोल जात नाही, म्हणून ब्लॉकवर यश कमी मिळते. हे काम प्रयोगशाळेतच करून घ्यावे. आम्लाची वाफ घातक असते, आणि आकडा दिसेनासा होण्याआधी कॅमेरा तयार हवा: तेच आम्ल पुढे चालत राहिले की शिल्लक इजाही खाऊन टाकते.