व्हिक्टोरियन फुटबॉल लीग : १९१६ चा हंगाम

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहर व परिसरातील क्लबांमध्ये १८९७ पासून खेळल्या जाणाऱ्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉल स्पर्धेचा हा विसावा हंगाम. ६ मे ते २ सप्टेंबर १९१६ या काळात झालेल्या या हंगामात केवळ चार संघ उतरले आणि साखळीत शेवटच्या स्थानावर राहिलेल्या फिट्झरॉय संघाने विजेतेपद पटकावले. एकाच वर्षी तळाचे स्थान आणि विजेतेपद या दोन्हींचा धनी झालेला या स्पर्धेच्या इतिहासातील हा एकमेव संघ होय.

संघ चारच का उरले, याचे उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. १९१५ मध्ये लीगमध्ये नऊ क्लब होते. त्याच वर्षी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत ऑस्ट्रेलियन सैनिकांची मोठी हानी झाली. सैन्यभरती ऐच्छिक होती. त्यामुळे धडधाकट तरुणांनी रणांगण सोडून फुटबॉलच्या मैदानावर उतरावे काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला जाऊ लागला. मेलबर्न, एसेंडन, साउथ मेलबर्न, सेंट किल्डा आणि जिलाँग हे पाच क्लब १९१६ च्या हंगामातून बाहेर राहिले. यांपैकी सेंट किल्डाने आधीच्या वर्षी आपल्या गणवेशाचे रंगही बदलले होते, कारण लाल, पांढरा व काळा हे त्याचे रंग जर्मन साम्राज्याच्या ध्वजाशी जुळत होते. पांढऱ्याच्या जागी पिवळा घेऊन क्लबने बेल्जियमचे रंग स्वीकारले. मैदानात राहिलेले कार्लटन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय व रिचमंड हे चारही क्लब शहराच्या मध्यभागालगतच्या, प्रामुख्याने कामगारवस्ती असलेल्या उपनगरांतले होते. या वस्त्यांतून तरुण आघाडीवर गेले नाहीत असे मुळीच नव्हते; मात्र आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्यांना शनिवारचा सामना हाच मोठा विरंगुळा होता. म्हणून या क्लबांच्या देशभक्तीवर त्या वेळी घेतली गेलेली शंका अन्यायकारकच म्हटली पाहिजे.

चारच संघ असल्याने प्रत्येकाने इतर तिघांशी चार-चार वेळा खेळावे, अशी बारा फेऱ्यांची साखळी आखण्यात आली. कार्लटनने दहा सामने जिंकून अव्वल स्थान मिळवले. कॉलिंगवुडचे सहा व रिचमंडचे पाच विजय झाले, तर फिट्झरॉयला बारापैकी दोनच सामने जिंकता आले. नऊ सामने त्याने गमावले आणि कॉलिंगवुडविरुद्धचा एक बरोबरीत सुटला. विजयाला चार व बरोबरीला दोन गुण या हिशेबाने कार्लटनच्या चाळीस गुणांसमोर फिट्झरॉयच्या खात्यात जेमतेम दहा गुण जमा होते.

तरीही फिट्झरॉयचे आव्हान संपले नाही, कारण बाद फेरीसाठी पहिले चार संघ पात्र ठरत आणि संघ होतेच चार. म्हणजे साखळीतून कोणीच गळणार नव्हते. १९०८ मध्ये लीगमध्ये आलेल्या रिचमंडलाही याच वर्षी पहिल्यांदा बाद फेरी गाठता आली. उपांत्य सामन्यांत कार्लटनने रिचमंडला, तर फिट्झरॉयने कॉलिंगवुडला हरवले. त्यानंतरच्या अंतिम सामन्यात फिट्झरॉयने कार्लटनवर मात केली; पण तेवढ्याने विजेतेपद ठरत नसे. साखळीतील अव्वल संघ बाद फेरीत हरला, तर त्याला पुन्हा आव्हान देण्याचा हक्क नियमाने दिलेला होता. कार्लटनने तो बजावला आणि आठवडाभराने, २ सप्टेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर महाअंतिम सामना झाला. क्रिकेटमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे असलेले ‘एमसीजी’ ते हेच. २१,१३० प्रेक्षकांसमोर फिट्झरॉयने हा सामनाही जिंकला.

त्या सामन्याचा गुणफलक १२.१३ (८५) विरुद्ध ८.८ (५६) असा लिहिला जातो. या खेळात चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार धाडला की गोल होऊन सहा गुण मिळतात, तर मधल्या व बाजूच्या खांबांमधून गेल्यास ‘बिहाइंड’चा एक गुण मिळतो. फिट्झरॉयच्या बारा गोलांचे बहात्तर आणि तेरा बिहाइंडचे तेरा मिळून पंच्याऐंशी गुण झाले व विजय एकोणतीस गुणांनी मिळाला. १९१४ व १९१५ असे सलग दोनदा विजेते ठरलेल्या कार्लटनची सलग तिसऱ्या विजेतेपदाची संधी अशी हुकली. याला केवळ नशिबाचा खेळ म्हणणे योग्य होणार नाही: उपांत्य फेरीपासून फिट्झरॉयने लागोपाठ तीन सामने जिंकले आणि त्यांतले दोन हंगामातील सर्वांत बलाढ्य संघाविरुद्ध होते.

हंगाम सुरू असतानाच, १९ जुलैच्या रात्री, फ्रान्समधील फ्रोमेलच्या लढाईत साडेपाच हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक ठार, जखमी वा बंदिवान झाले. पुढे २८ ऑक्टोबरला सक्तीच्या लष्करभरतीचा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला गेला. योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी याच खेळाचा प्रदर्शनीय सामना खेळला.

१९१७ मध्ये जिलाँग व साउथ मेलबर्न, १९१८ मध्ये एसेंडन व सेंट किल्डा आणि १९१९ मध्ये मेलबर्न हे क्लब लीगमध्ये परतले. फिट्झरॉयने त्यानंतर १९२२ व १९४४ मध्ये विजेतेपद मिळवले. १९९६ च्या हंगामानंतर तो ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला.