जानेवारीतले हरीण: हंगामाच्या शेवटी शिकार कशी साधते

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा रायफलीचा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि दोन आठवड्यांत आटोपतो. त्यानंतर नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीचा मध्य उलटेपर्यंत आणखी एक हंगाम चालतो. त्यात धनुष्यबाणाखेरीज चालते ती फक्त ठासणीची बंदूक, तीही चकमकीच्या ठिणगीने पेटणारी, म्हणजे अठराव्या शतकातल्या घडणीची. हा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला. राज्यात अलीकडे दरवर्षी चार लाखांहून अधिक हरणे मारली जातात. त्यांतला लहानसा हिस्साच या शेवटच्या आठवड्यांच्या वाट्याला येतो. ऑक्टोबरपासून माणसांचा पाठलाग सोसून जी हरणे उरलेली असतात ती उजेडात सहसा उघड्यावर येत नाहीत, आणि अंगावर आलेली थंडी शिकाऱ्याला फार वेळ एका जागी बसू देत नाही. अशा दिवसांत ज्याला यश येते तो गावातला सर्वांत चांगला नेमबाज असतोच असे नाही. थंडीत हरणाच्या शरीरात काय चालले आहे, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते.

हरणाच्या वर्षाचे वेळापत्रक ठरवते ती दिवसाची लांबी. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून रात्री मेलाटोनिन अधिक काळ स्रवते, आणि त्या इशाऱ्यावर संप्रेरकांची सारी साखळी हलते. उन्हाळ्यातली तांबूस, पातळ केसांची कातडी जाऊन करड्या रंगाचे दाट केस येतात. वरचे राठ केस आतून पोकळ असतात, त्यांच्याखाली लोकरीसारखी मऊ लव असते, आणि या दोन थरांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बसलेल्या हरणाच्या पाठीवर पडलेला बर्फ बराच वेळ तसाच राहतो, यावरून हे आवरण किती कामाचे आहे ते कळते.

नोव्हेंबरच्या मध्यावर माद्या माजावर येतात आणि नर त्यांच्या मागे इतके धावतात की खाणेपिणे जवळपास सुटते. या काही आठवड्यांत मोठा नर आपल्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावतो. ज्या मादीला त्या वेळी गर्भ राहिला नाही ती साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते. त्याच वर्षी जन्मलेल्या, पण चांगल्या पोसलेल्या काही पाडसांचाही पहिला माज डिसेंबरात येतो. म्हणून नरांची थोडी धावपळ डिसेंबरमध्येही दिसते. जानेवारीत मात्र ती ओसरते, टेस्टोस्टेरॉन खाली येते आणि शिंगांच्या बुडाशी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत केव्हातरी शिंगे गळून पडतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी दिसलेले बिनशिंगी हरीण मादीच असेल, असे धरून चालता येत नाही. आपल्याकडच्या चितळाचे असे नाही. विषुववृत्ताकडच्या प्रदेशात दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, तेव्हा चितळाच्या शिंगांचे आणि विणीचे चक्र सैल असते. १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये नेऊन सोडलेल्या चितळांच्या वंशजांत आजही वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पक्क्या शिंगांचे नर सापडतात.

हिवाळ्यातल्या हरणाची एक गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटेल. थंडी वाढली की प्राण्याने जास्त खावे, अशी आपली अपेक्षा असते. पण बंदिस्त हरणांपुढे हवा तेवढा चारा ठेवला तरी ती हिवाळ्यात कमीच खातात आणि वजन घटवतात. त्यांची हालचाल मंदावते, चयापचयही मंदावते, आणि शरद ऋतूत साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरली जाते. जंगलात तर या दिवसांत मिळते तेच निकृष्ट: डहाळ्यांचे शेंडे, कळ्या, सूचीपर्णी झाडांची पाने, बर्फाखालून उकरून काढलेली ओकची फळे. एकूण हरीण या काळात शिलकीवर जगत असते, आणि एक पाऊल टाकायचे की नाही हेसुद्धा त्या शिलकीचा विचार करून ठरल्यासारखे भासते. मे-जूनमध्ये पाडस जन्माला घालायचे असलेल्या मादीच्या पोटात या सुमारास गर्भ अगदी लहान असतो. त्याची बहुतेक वाढ शेवटच्या दोन महिन्यांत, म्हणजे बाहेर हिरवे फुटल्यावर होते. सुमारे २०० दिवसांच्या गर्भकाळाची ही मांडणी थक्क करणारी आहे.

शिकाऱ्याला जागा निवडायची असते ती याच हिशेबावरून. आदल्या महिन्यात नर ज्या वाटांवर फिरत होते त्या वाटांवर आता बसण्यात अर्थ नसतो. हरणाला हव्या असतात दोनच गोष्टी, पोटभर ऊर्जा देणारा चारा आणि त्याच्या जवळच वारा अडवणारी बसायची जागा. शेतात उभा राहिलेला मका किंवा सोयाबीन, ओकची फळे अजून शिल्लक असलेला डोंगराचा सोंड, नुकतीच झाडे तोडली आहेत असा कोवळ्या फुटव्यांचा पट्टा, ही पहिल्या प्रकारची ठिकाणे. दुसऱ्या प्रकारात येतो दक्षिणेकडे उतरलेला डोंगरउतार, कारण उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो आणि त्या उतारावर ऊन जास्त वेळ टिकते व बर्फ लवकर विरळ होतो. हेमलॉकसारख्या सूचीपर्णी वृक्षांची गर्द राईही हरणांना आवडते. तिथे बर्फ वरच्या वर फांद्यांत अडकतो, वारा लागत नाही, आणि रात्री जमिनीची उष्णता आभाळात निघून जाणेही कमी होते. बर्फ अर्धा मीटरच्या आसपास साचला की हरणाला प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. मग कळप त्याच त्या पायवाटा तुडवत राहतात. विस्कॉन्सिन राज्यात हिवाळ्याची तीव्रता मोजण्याची पद्धत याच अनुभवावर बेतलेली आहे. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात ज्या दिवशी जमिनीवर ४६ सेंटिमीटर किंवा अधिक बर्फ असेल त्याचा एक गुण, ज्या दिवशी तापमान उणे १८ अंश किंवा त्याखाली गेले त्याचा एक गुण. बेरीज १०० झाली की हिवाळा हरणांसाठी अतितीव्र धरला जातो.

चाऱ्याबाबत एक गैरसमज येथे सांगायला हवा. भर हिवाळ्यात भुकेल्या हरणांना दयेपोटी मक्याचे ढीग घालणारे लोक असतात. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऋतूतल्या चाऱ्याशी जुळवून घेतात, आणि त्याला काही आठवडे लागतात. डहाळ्या पचवायला सरावलेल्या पोटात एकदम पिष्टमय दाणा पडला तर आम्ल भराभर तयार होते आणि पोट भरलेले असतानाच हरीण मरू शकते. शरद ऋतूपासून ज्यांना मका मिळत आला आहे त्यांना तो मानवतो. परोपकार करण्यापूर्वी एवढे शास्त्र माहीत असलेले बरे.

चंद्राच्या कलांवरून हरणांची हालचाल सांगणारी कोष्टके शिकाऱ्यांत फार लोकप्रिय आहेत. हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून झालेल्या अभ्यासांत मात्र चंद्राचा ठळक परिणाम दिसलेला नाही. पहाट आणि संध्याकाळ हेच हालचालीचे मुख्य वेळ राहतात. हंगामाच्या शेवटी त्यांतली संध्याकाळ अधिक उपयोगाची, कारण पहाटे अंधारात चाऱ्याच्या जागेकडे जाणारा माणूस तिथे अजून चरत असलेल्या हरणांना हमखास उठवतो. शिवाय उणे दहाच्या खाली गेलेला कोरडा बर्फ बुटाखाली करकरतो आणि तो आवाज पानगळ झालेल्या रानात दूरवर जातो. म्हणून जाणता शिकारी दुपारीच, वारा तोंडावर घेऊन, लपणात जाऊन बसतो. उतार सावलीत गेला की थंड, जड हवा दरीकडे वाहू लागते, तेव्हा हरणे खालून वर येणार असतील तर वर बसलेल्या माणसाचा वास त्यांना आधीच मिळतो. अनेकांच्या संध्याकाळी यापायी फुकट जातात. डोळ्यांच्या बाबतीत हरीण त्या मानाने अडते. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने भडक नारिंगी आणि हिरवा यांत त्याला फरक कळत नाही. निळा रंग आणि हलता हात मात्र ते चटकन टिपते.

बंदुकीचा भाग वेगळाच. कोकणात पीकसंरक्षणासाठी बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना दारू, गोळी आणि गज हा क्रम ओळखीचा वाटेल. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर घासते, तप्त पोलादाचे कण खालच्या खोलगट पात्रातल्या रंजकावर, म्हणजे पेटवण्यासाठी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, पडतात, रंजक भडकते आणि त्याची ज्वाला नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते. एवढ्या साखळीला सेकंदाचा जो छोटासा अंश लागतो त्यात हात हलला तर नेम गेला. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या दारूला दमट हवा सोसत नाही. थंडीतून गरम घरात आणलेल्या बंदुकीवर दव धरते आणि नुसते रंजक भुरकन जळून आतली दारू तशीच राहते. म्हणून अनेक जण रात्री बंदूक थंड ओसरीतच ठेवतात. पल्ला साठ-सत्तर मीटरांच्या आत ठेवणे शहाणपणाचे.

बार झाल्यावर पहिला अर्धा तास जागचे हलायचे नाही, हा नियम रक्ताच्या रंगावरून समजतो. बर्फावर फिकट लाल, फेसाळ रक्त दिसले तर गोळी फुफ्फुसातून गेली आणि हरीण शंभरेक मीटरांत पडलेले सापडते. काळपट लाल रक्त यकृताचे; त्यात हिरवट कोंडा मिसळलेला असेल तर गोळी पोटात लागली आहे, आणि अशा वेळी कित्येक तास थांबावे लागते, नाहीतर जखमी जनावर उठून दूर जाते.

पोट उघडल्यावर हिवाळ्याचा सगळा इतिहास समोर येतो. चांगल्या पोसलेल्या मादीच्या मूत्रपिंडांभोवती पांढऱ्या, टणक चरबीची जाड गादी असते; माजाच्या काळात झिजलेल्या नराकडे ती जवळपास नसते. उपासमार फार झाली तर शेवटी हाडांतल्या मगजाची चरबी वापरली जाते आणि मगज लालसर, जेलीसारखा होतो. वय जबड्यावरून कळते: सुमारे १९ महिन्यांच्या हरणात तीन उंचवट्यांची दुधाची दाढ पडून तिच्या जागी दोन उंचवट्यांची, शेजारच्या दाढांपेक्षा लख्ख पांढरी दाढ उगवलेली असते. मांस लवकर गार करावे हे खरे, पण या दिवसांत उलटा धोकाही असतो. स्नायू ताठरण्यापूर्वीच गोठण्याच्या जवळ गेले तर ते आखडतात आणि मांस कायमचे चिवट होते. कातडी काही तास तशीच ठेवावी, मग शून्याच्या किंचित वर काही दिवस टांगावे. स्नायूंतली विकरे तंतू सैल करतात.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न शिकारबंदीच्या देशातल्या वाचकाला पडणारच. विसाव्या शतकाच्या आरंभी पेनसिल्व्हेनियात हरीण जवळपास संपले होते. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणे आणून सोडावी लागली. लांडगे आणि प्यूमा आधीच नाहीसे झालेले, त्यामुळे संख्या वाढत गेली आणि जंगलाच्या जमिनीवरची रोपे खाल्ली जाऊन नेच्यांचे गालिचे उरले. आज माद्यांची शिकार हा जंगल राखण्याचा भाग मानला जातो. माझ्या मते त्यासाठी जानेवारीपेक्षा ऑक्टोबर अधिक योग्य, कारण तेव्हा काढलेले हरीण हिवाळ्यातला चारा इतरांसाठी मोकळा ठेवते. मात्र पोटी गर्भ असलेली मादी जानेवारीत मारणे हे माद्यांच्या संख्येच्या हिशेबात ऑक्टोबरात मारण्याहून फार वेगळे नाही, हेही मान्य करायला हवे.

२०१२ पासून या राज्यात एका रोगाची भर पडली आहे. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे हरणाचा मेंदू झिजत जातो. शिजवल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला या रोगाची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असा आरोग्ययंत्रणांचा सल्ला आहे. म्हणून बाधित भागातले शिकारी हरणाचे डोके वन्यजीव विभागाने ठेवलेल्या पेटीत तपासणीसाठी टाकतात आणि निकाल येईपर्यंत मांसाची पाकिटे वेगळी नावनिशी लावून गोठवून ठेवतात.