अरबी समुद्रातील मासे व मासेमारी

हिंदी महासागराच्या वायव्येकडील या समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौ. किमी. आहे. भारत, पाकिस्तान, इराण, ओमान, येमेन व सोमालिया यांचे किनारे त्याला लागून आहेत. उत्तरेला तो जमिनीने बंद आहे आणि त्याच्यावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. इथल्या मासळीचे बरेवाईट बहुतांशी या दोन गोष्टींवर ठरते. प्रस्तुत नोंदीत भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा, त्यातही गुजरात ते केरळ या पट्ट्याचा विचार केला आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही हेच घडते, पण जोर कमी असतो. खालून आलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) माजतात, त्यांच्यावर प्राणिप्लवक (तसेच तरंगणारे बारीक प्राणी) आणि या दोहोंवर तारली, बांगडा, जवळा पोसले जातात. हिवाळ्यात उत्तर भागात वेगळीच क्रिया चालते. कोरड्या थंड वाऱ्यांनी वरचे पाणी गार व जड होऊन खाली बसते, घुसळण होते आणि प्लवकांचा दुसरा बहर येतो. उष्ण कटिबंधातील बहुतेक समुद्र मासळीच्या दृष्टीने गरीब असतात. अरबी समुद्र तसा नाही, तो या दोन बहरांमुळे.

या समृद्धीला एक मोठी मर्यादा आहे. मेलेले प्लवक खाली जाऊन कुजतात आणि कुजताना प्राणवायू संपवतात. उत्तर बाजू बंद असल्यामुळे ताजे पाणी सावकाश येते. परिणामी सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीच्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो. जगातल्या सर्वांत तीव्र अशा प्राणवायुन्यून थरांपैकी हा एक आहे. कंदीलमाशांसारखे काही जीव दिवसा या थरात शत्रूंपासून लपून राहतात आणि रात्री वर चरायला येतात. पण आपण खातो त्या बहुतेक माशांना तिथे जगता येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हेच पाणी उथळ भागात शिरते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७ पासून घेतलेल्या मोजमापांत, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळाचे पाणी या काळात प्राणवायुहीन होत असल्याचे आढळले आहे. तळाचे मासे व कोळंबी तेव्हा जागा सोडतात. म्हणजे या समुद्राचा राहण्याजोगा भाग वरचा आणि किनाऱ्याजवळचा, आणि सगळी जाळीही त्याच पट्ट्यात पडतात. मासेमारीचे पुढचे सारे प्रश्न समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरची सागरमग्न खंडभूमी, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सर्वत्र सारखी रुंद नाही. खंबायतचे आखात ते मुंबई या भागात ती सुमारे ३०० किमी.पर्यंत जाते, दक्षिणेकडे मात्र बरीच अरुंद होते. मासळीही त्याप्रमाणे बदलते. उत्तरेला बोंबील, जवळा, मांदेली, पापलेट, घोळ, दाढा. रत्नागिरीच्या खाली बांगडा व तारली यांचे राज्य. बोंबील तर रत्नागिरीच्या दक्षिणेला फारसा मिळतच नाही आणि थेट बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी पुन्हा भेटतो.

उत्तर कोकणाची खरी ओळख म्हणजे डोल जाळे. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली ही लांबलचक, निमुळती पिशवी. तोंडाशी आस (जाळ्याची भोके) मोठे, शेपटीकडे ते बारीक होत जातात. जाळे ओढायचे नसते. भरती-ओहोटीचा ओढ मासळी आत आणतो आणि पाणी फिरायच्या आत जाळे उचलावे लागते. म्हणून डोलकराचे गणित तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो तेव्हा धंदा होतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला तो मंदावतो. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा इथे उतरणाऱ्या बोंबलांपैकी बरेच वाळवणीला जातात. बोंबलाच्या अंगात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते आणि तो चटकन खराब होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगायची, की ऊन-वारा दोन्ही बाजूंनी लागतो. हे काम बहुतेक बायकाच करतात, सुक्या मासळीचा व्यापारही त्यांच्याच हाती. मत्स्यव्यवसायाच्या सरकारी हिशेबात या श्रमाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

तारलीची कथा वेगळी आहे. ती वर्षभरात प्रजननक्षम होते, अडीच-तीन वर्षेच जगते आणि पाऊस, पाण्याचे तापमान, प्लवक यांतल्या फरकाने तिची संख्या प्रचंड चढउतार करते. १९४० च्या दशकातही ती किनाऱ्यावरून जवळपास नाहीशी झाली होती, आणि तेव्हा यंत्रनौका नव्हत्या. केरळात २०१२ साली तिचे उत्पादन चार लाख टनांच्या घरात गेले. २०२१ मध्ये ते ३,२९७ टनांवर आले. एवढ्या घसरणीचा दोष एकट्या जाळ्यांना देणे बरोबर नाही. मात्र निसर्गाने साठा खाली आणला असताना पिल्लांसकट उरलेले गोळा केले, तर साठा सावरायला वेळ लागतो, हे निश्चित.

पापलेटाच्या घटीबाबत निसर्गाकडे बोट दाखवायला फारशी जागा नाही. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे त्याचे नावाजलेले बंदर. मोठे पापलेट दालदी जाळ्यांत (पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्यांत) सापडते; तळहाताहूनही लहान पिल्ले मात्र डोलीत व ट्रॉलमध्ये (यंत्रनौकेने ओढायच्या जाळ्यात) येतात आणि कवडीमोलाने विकली जातात. तेच पिल्लू वर्षभर वाढू दिले तर त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा घोषित केले, ते मुख्यतः या घटीकडे लक्ष वेधण्यासाठी.

यांत्रिकीकरणाने मासेमारीचे स्वरूप बदलले. १९६० नंतर निर्यातीच्या कोळंबीसाठी ट्रॉलर वाढले, पुढे पर्ससीन जाळी आली. ट्रॉल तळ खरवडत जाते, पर्ससीन वरच्या थरातील अख्खा थवा वेढते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांच्या वाट्याचे बांगडे-तारली किनाऱ्याला लागण्याआधीच उचलले जाऊ लागले. गोव्यात १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकारांनी उभारलेला लढा याच अन्यायाविरुद्ध होता. पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीन हा वाद मालवणात आजही धुमसतो. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर ते दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

यात भर हवामानबदलाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ मध्ये ऐन हंगामात क्यार व महा ही वादळे लागोपाठ आली, होड्या बंदरातच राहिल्या आणि त्या वर्षी महाराष्ट्राचे उत्पादन २.०१ लाख टनांवर, ४५ वर्षांतील नीचांकावर आले.

संरक्षित क्षेत्रे थोडी आहेत. मालवण सागरी अभयारण्य (१९८७) सुमारे २९ चौ. किमी.चे असून त्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किमी.हून दूर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळसमृद्ध उंचवटा अधिक मोठा आहे. याच समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक छोटा, स्थलांतर न करणारा गट राहतो. जगातल्या इतर गटांपासून तो हजारो वर्षे तुटलेला आहे. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी त्यांतले २०० हून अधिक देवमासे बेकायदा मारले.

नियमनाचा पाया म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापलीकडचे केंद्राच्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पूर्वी महाराष्ट्रात ती १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी आधी येणाऱ्या दिवसापर्यंत चाले, आणि ती तशीच असावी ही अनेक कोळी संघटनांची मागणी रास्त वाटते: ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र खवळलेला असतो आणि पिल्ले अजून लहान असतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिमी., बोंबलासाठी १८० मिमी. आहे. पण बंदरात मोजला जाणारा मासा मेलेला असतो. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिमी.चे चौकोनी आस बसवले, तर पिल्लू पाण्यातच सुटते. हिऱ्याच्या आकाराचे आस ओढताना आवळून बंद होतात, चौकोनी उघडे राहतात, असा हा साधा भेद आहे. तपासणी करायची तर ती बर्फाच्या पेटीइतकीच जाळ्याचीही, आणि होडी बंदरातून निघण्यापूर्वी व्हायला हवी.